दंड भरणं वेगळं आणि ताकद वाढणं वेगळं

३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने भारताला त्या स्पर्धेतलं पहिलं पदक मिळवून दिलं. गट ५५ किलोचा. स्नॅच म्हणजे बार जमिनीवरून एका झटक्यात थेट डोक्यावर नेणं. त्यात त्याने ११३ किलो उचलले. क्लीन अँड जर्कमध्ये बार आधी खांद्यावर घेतात आणि मग डोक्यावर नेतात, त्यात १३५. पुढे १३९ किलोच्या प्रयत्नात कोपर दुखावलं आणि मलेशियाच्या खेळाडूने एकूण २४९ करून सुवर्ण नेलं. संकेतचे २४८. एका किलोने हुकलेल्या त्या सुवर्णाची हळहळ तेव्हा सगळ्यांनी केली. मला मात्र त्या आकड्यांतलं दुसरंच काही डोळ्यांत भरलं. ५५ किलोच्या गटातला मुलगा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट लोखंड डोक्यावर नेतो. या गटातले खेळाडू साध्या शर्टात शेजारून गेले, तर आपण वळूनही बघणार नाही.

याउलट, बाह्या टरटरून फुगलेला एखादा गडी प्रत्येक जिममध्ये असतो. वजन नव्वदीच्या घरात, दंड बघून पोरं सेल्फी मागतात. त्याला १३५ सोडाच, शंभर किलो डोक्यावर न्यायला सांगा, बहुधा जमणार नाही. त्याची मेहनत खोटी नसते. त्याने मेहनत केली ती वेगळ्या गोष्टीसाठी.

गोंधळ असा की, जिममध्ये पहिल्या दिवशी हातात पडणारा कागद सगळ्यांना सारखाच. सोमवारी छाती-ट्रायसेप्स, मंगळवारी पाठ-बायसेप्स, प्रत्येक व्यायामाचे बारा-बाराचे तीन सेट. पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा, साखर वाढलेल्या काकू, गुडघे धरलेले निवृत्त सर, सगळ्यांना बारा-बाराचे तीन! हा कागद चुकीचा नाही. तो एका विशिष्ट हेतूसाठी बनलाय आणि तो हेतू कुणी सांगत नाही.

पुढे जाण्याआधी दोन शब्द पक्के करू. वजन खाली न ठेवता सलग जितक्या वेळा उचललं, तो एक सेट. आणि जे वजन जेमतेम एकदाच उचलता येतं, दुसऱ्यांदा नाही, तो त्या व्यायामातला तुमचा मॅक्स. एवढी शिदोरी पुरे.

दोरी ओढणारे आणि आवाज देणारा

गावच्या जत्रेतली रस्सीखेच डोळ्यांसमोर आणा. दोरीला वीस जण लागलेत. संघ नवखा असेल तर त्यातले सात-आठ जण दोरी नुसती धरून असतात, चार जण उशिरा ओढतात आणि एखादा घाबरून भलतीकडेच जोर लावतो. हा संघ भारी करायचे दोन मार्ग. एक म्हणजे या वीस जणांना खुराक घालून धिप्पाड करायचं. दुसरा म्हणजे बाजूला उभा राहून आवाज देणारा नीट तयार करायचा, म्हणजे त्याच्या एका हाकेसरशी वीसच्या वीस जण एकाच क्षणी टाचा रोवून मागे झुकतील. दुसऱ्या मार्गात कुणाचंही वजन पावशेरानेही वाढत नाही, तरी दोरी सरकते.

स्नायू म्हणजे बारीक तंतूंची जुडी. हे तंतू तुकड्यांमध्ये वाटलेले असतात आणि प्रत्येक तुकडीला मज्जारज्जूतून निघालेली एक चेतापेशी हुकूम देते. आवाज देणारा तो हा: मेंदू आणि मज्जासंस्था. विसाव्या शतकाच्या मध्यावर एल्वुड हेनेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की, या तुकड्या ठरलेल्या क्रमाने कामाला लागतात. आधी छोट्या, चिवट, लवकर न थकणाऱ्या. मग गरज पडेल तशा मोठ्या. पाण्याचा तांब्या उचलताना छोट्याच येतात. सगळ्यात मोठ्या आणि दांडग्या तुकड्या मात्र दोनच वेळी उठतात: वजन खरोखर जड असेल तेव्हा, किंवा वजन हलकं असूनही बाकीच्या तुकड्या थकून गेल्या असतील तेव्हा.

हे वाक्य पुन्हा वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दांडग्या तुकड्यांपर्यंत पोचायच्या दोन वाटा आहेत. ताकदीचा व्यायाम पहिल्या वाटेने जातो. आकाराच्या व्यायामाला दोन्ही वाटा चालतात.

आवाज देणाऱ्याचा वाटा किती मोठा असतो, याचा माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा एका वृद्धांच्या संस्थेतून आला. बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त आजी-आजोबांना आठ आठवडे मांड्यांचा जड व्यायाम दिला, अगदी मॅक्सच्या ८० टक्क्यांपर्यंत. १९९० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची पायातली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती, म्हणजे पावणेतीनपट झाली होती. आणि मांडीतला स्नायू किती वाढला? साधारण ९ टक्के. बाकीची सगळी कमाई झोपलेल्या तुकड्या जाग्या झाल्याची.

याहून जुना आणि गमतीचा पुरावा १८९४ सालचा आहे, अमेरिकेतल्या येल विद्यापीठातला. एकाच हाताने मूठ आवळायचा सराव केला, तर सराव न केलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद वाढते, असं तिथे दिसलं. नंतर अनेकांनी ते पडताळलं. दुसऱ्या हाताने काहीच केलेलं नसतं, त्यामुळे ती वाढ स्नायूतून आलेली असू शकत नाही. फ्रॅक्चर होऊन एक हात प्लास्टरमध्ये असताना फिजिओथेरपिस्ट चांगल्या हाताचा व्यायाम करायला सांगतात, त्यामागे हेच.

ताकद: थोडं, जड आणि ताजंतवानं असताना

आवाज देणाऱ्याला तयार करायचं, तर त्याला खऱ्या जड दोरीवरच सराव द्यावा लागतो. म्हणून ताकदीसाठी वजन मॅक्सच्या ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर, एका सेटमध्ये एक ते पाच वेळा, आणि दोन सेटमध्ये तीन ते पाच मिनिटं विश्रांती. एवढी विश्रांती लाड म्हणून नाही. झटक्याच्या कामासाठी स्नायूंत जो तयार इंधनाचा छोटा साठा असतो, तो काही सेकंदांत संपतो आणि बऱ्यापैकी भरायला एवढा वेळ लागतो. थकलेल्या अंगाने जड वजन उचललं की सरावही थकलेल्या हालचालीचाच होतो.

दुसरी गोष्ट, ताकद ही त्या त्या हालचालीची असते. मशीनवर पाय ताणून पन्नास किलो ढकलणारा माणूस स्क्वॉटला, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बसून उठायला, लडखडू शकतो. मांडीचा स्नायू तोच, पण पाठ, कंबर, घोटे आणि तोल या सगळ्यांची एकमेकांशी जुळणी व्हायला हवी. विरुद्ध बाजूचे स्नायू नवख्या माणसात नको तितके ताठरतात, तेही सैल पडायला शिकतात.

२०१७ सालचा एक प्रयोग यावर नेमकं बोट ठेवतो. व्यायामाची सवय नसलेल्या लोकांचे दोन गट केले. एका गटाने नेहमीसारखे आठ ते बारा वेळांचे चार सेट केले. दुसऱ्याने आठवड्यातून दोनदा येऊन फक्त मॅक्स गाठायचा प्रयत्न केला, जास्तीत जास्त पाच वेळा, आणि घरी गेले. आठ आठवड्यांनी मॅक्स दोन्ही गटांचा सारखाच वाढला. स्नायू वाढले ते मात्र पहिल्याच गटाचे. यावरून रोज मॅक्स करत सुटावं असं मी म्हणत नाही, ते कोपरा-खांद्यांना फार काळ मानवत नाही. पण दोन गोष्टी किती सुट्या होऊ शकतात, ते यात लख्ख दिसतं.

आकार: किती जड यापेक्षा दम संपायच्या किती जवळ

आता ओढणाऱ्यांना धिप्पाड करायचं. तंतूवर पुरेसा ताण आला, पुरेशा वेळा आला, आणि नंतर खायला मिळालं, तर तो जाड होतो. तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, आहे तेच जाड होतात.

आठ ते बारा वेळांचा सेट म्हणजे स्नायू वाढवायचा जादूचा आकडा, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. जादू त्या आकड्यात नाही. २०१२ साली कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी तरुणांना दहा आठवडे पायाचा व्यायाम दिला. काहींना मॅक्सच्या ८० टक्के वजन, काहींना जेमतेम ३० टक्के. अट एकच: पाय आता उचलतच नाही, इथपर्यंत प्रत्येक सेट न्यायचा. तीन सेट करणाऱ्यांत दोन्हीकडे स्नायू जवळपास सारखेच वाढले. मॅक्स मात्र ८० टक्केवाल्यांचा जास्त वाढला. हेनेमनचा क्रम आठवा. हलक्या वजनातही शेवटच्या पाच-सहा वेळांना छोट्या तुकड्या गळून पडतात आणि दांडग्यांना उठावंच लागतं.

म्हणून आकारासाठी पाचापासून तिसापर्यंत कुठलाही आकडा चालतो. सहा ते बारा हा फक्त सोयीचा. तीस वेळा स्क्वॉट मारून बघा, मांड्यांआधी धाप तुम्हाला थांबवेल. महत्त्वाचं हे की, सेट थांबवाल तेव्हा आणखी एक ते तीन वेळाच उचलता आलं असतं, इतपत दम उरलेला असावा. बारा झाले म्हणून बार ठेवला आणि अजून दहा सहज झाले असते, तर तो सेट गरम होण्यापुरताच. जिममध्ये वर्षभर नियमाने जाऊन अंगावर काहीच न चढणाऱ्यांचं दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं.

दुसरं परिमाण आठवड्याचं. एका स्नायूला आठवड्यात दहाच्या आसपास असे कसून केलेले सेट मिळाले की वाढ चांगली होते. नवख्याला याच्या निम्मेही पुरतात. ते एकाच दिवशी कोंबण्यापेक्षा दोन दिवसांत वाटलेले बरे.

आणि खुराक. भारतीयांसाठी सुचवलेलं प्रथिनांचं रोजचं प्रमाण शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. स्नायू वाढवणाऱ्याला साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा मिळत राहतो, त्यापुढे फारसा नाही. ६० किलोच्या माणसाला म्हणजे रोज ९५ ग्रॅमच्या आसपास. अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीस. आपल्या पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅम निघाले तरी खूप, त्यामुळे वरण-भातावर दंड भरायची आशा धरू नये. महागडा डबा घ्यावाच लागतो असं नाही, पण हिशेब करावा लागतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हा हिशेब डॉक्टरांसोबत करावा.

एकाच रॅकवर दोघं

समजा दोघं आहेत, दोघांचा स्क्वॉटचा मॅक्स १०० किलो.

पहिला ताकदीसाठी आलाय. रिकामा २० किलोचा बार घेऊन गरम होतो, मग ४० किलो पाच वेळा, ६० तीन वेळा, ७५ दोन वेळा. मग दोन्ही बाजूंना वीस, दहा आणि अडीचची प्लेट चढवून ८५ करतो, पट्टा आवळतो, पोटात श्वास भरून घेतो आणि तीनदा बसून उठतो. तिसऱ्या वेळेलाही बार खालून झपकन वर येतो. बार ठेवतो आणि बाकावर चार मिनिटं बसून राहतो. असे पाच सेट. येणारे-जाणारे त्याच्याकडे कामचुकार म्हणून बघतात. घामही बेताचाच.

दुसरा अंग भरायला आलाय. त्याच बारला दोन्हीकडे वीस आणि पाच लावून ७० करतो आणि दहा वेळा मारतो. सहाव्यापर्यंत ठीक असतं. आठव्याला मांड्या पेटतात, नवव्याला बार मधेच क्षणभर थबकतो, दहाव्याला तोंडातून आवाज निघतो. दोन मिनिटांनी पुन्हा. असे चार सेट, आणि मग जिना उतरताना कठड्याला धरून.

हिशेब केला तर पहिल्याने मुख्य सेटमध्ये १,२७५ किलो हलवले, दुसऱ्याने २,८००. पहिल्याच्या अंगाने जड भार पेलायचा सराव पंधरा वेळा केला. दुसऱ्याच्या तंतूंनी दुपटीहून जास्त काम केलं. पुढच्या आठवड्यात पहिला बाजूला सव्वा-सव्वा किलोची चकती वाढवायचं बघेल, दुसरा दहाचे अकरा करायचं.

२०१४ साली ब्रॅड शोनफेल्ड या व्यायामशास्त्राच्या अमेरिकन संशोधकाने व्यायामात मुरलेल्या पुरुषांवर असंच करून बघितलं. एका गटाला तीन-तीनचे सात सेट, दुसऱ्याला दहा-दहाचे तीन. एकूण उचललेलं वजन मुद्दाम सारखं ठेवलं. आठ आठवड्यांनी दंडाची जाडी दोघांची सारखीच वाढली. बेंच प्रेसचा, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलायचा, मॅक्स जडवाल्यांचा जास्त. मग सगळ्यांनी जडच का करू नये? कारण जडवाल्यांना एका वेळेला सुमारे ७० मिनिटं लागली, दहावाल्यांना १७. शिवाय जडवाले शेवटी सांधेदुखीने आणि थकव्याने मेटाकुटीला आले होते. दहाचा सेट लोकप्रिय आहे तो या काटकसरीमुळे.

पण पैलवान तर शेकड्याने जोर-बैठका मारतात, मग त्यांच्यात ताकद कुठून येते?

हा प्रश्न कोल्हापूर-सांगलीकडे हमखास येतो, आणि यायलाच हवा.

नुसत्या जोर-बैठकांकडे बघितलं तर वजन स्वतःच्या अंगाचंच आणि वेळा शेकड्यात. यातून चिवटपणा येतो, दम येतो, सुरुवातीची काही वर्षं मांड्या-छातीही भरतात. पाचशे बैठका सहज मारणाऱ्याला सहाशेव्या बैठकीने मॅक्स वाढत नाही. पण तालमीत नुसत्या बैठका नसतात. जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका असतात. लाल मातीचा हौदा फावड्याने उकरून काढायचा असतो. जड गदा फिरवायची, दोर चढायचा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे रोजची लढत: ऐंशी-नव्वद किलोचा, जिवंत, विरोध करणारा गडी उचलायचा, दाबायचा, फिरवायचा. याहून जड आणि कुस्तीच्या नेमक्या हालचालीतला व्यायाम कुठल्याच मशीनवर मिळणार नाही. वस्तादांनी हेनेमन वाचला नव्हता, पण ताकद त्या हालचालीतच कमवावी लागते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच पैलवान बेंच प्रेसला आला की कधी कधी बेतालच वाटतो, आणि बेंच प्रेसचा दादा मातीत उतरला की मिनिटभरात धापा टाकतो.

घरी फक्त सूर्यनमस्कार आणि बैठका घालणाऱ्यांनी मात्र हे सगळं आपल्या खात्यावर जमा धरू नये. त्यांच्या वाट्याला यातली पहिलीच ओळ आलेली असते.

म्हणजे बॉडीबिल्डरची ताकद खोटी?

अजिबात नाही. "नुसती हवा भरलीय" हे जिमबाहेरच्या कट्ट्यावरचं वाक्य आहे. १९९८ ते २००५ सलग आठ वेळा मिस्टर ऑलिम्पिया हा शरीरसौष्ठवातला सर्वोच्च किताब जिंकलेल्या रॉनी कोलमनने ८०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ३६३ किलोंचा डेडलिफ्ट दोन वेळा मारला होता. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार हातात धरून सरळ उभं राहणं. मोठा स्नायू मोठा जोर देऊ शकतो, हे शरीरशास्त्र कुणालाच चुकत नाही. आवाज देणाऱ्याची सुधारणा सुरुवातीच्या काही महिन्यांत झपाट्याने होते आणि नंतर मंदावते. वीसच्या वीस जण एकाच क्षणी ओढायला लागल्यावर पुढे काय? मग ओढणारेच मोठे करावे लागतात. म्हणून वजन उचलणारे खेळाडूही वर्षातले काही महिने आठ-दहा वेळांचे सेट करतात, आणि वजनगटात आता वाढायला जागाच नाही असं झालं की वरच्या गटात जातात. ५५ किलो गटातच राहायचं ठरवलेल्या मुलाला ती मुभा नसते. त्याला त्या ५५ किलोंमधला प्रत्येक तंतू वसूल करावा लागतो.

बाईमाणसाने जड उचललं तर अंग पुरुषी होईल ना?

मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलो गटात क्लीन अँड जर्कला ११५ किलो उचलून रौप्य मिळवलं. तिचे फोटो बघा आणि ठरवा. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन बायकांच्या दहा-पंधरापट असतं, त्यामुळे बायकांमध्ये स्नायूंची एकूण भर कमीच पडते. तीन-तीनच्या सेटने तर आणखीच कमी. गंमत म्हणजे, अंग वाढायला नको म्हणून ज्या बायका दोन किलोचे गुलाबी डंबेल पंचवीस-तीस वेळा उचलतात, त्या तो सेट खरंच दम संपेपर्यंत नेत असतील, तर आकाराचाच व्यायाम करत असतात. सुदैवाने बहुतेक जणी वीसवर गप्पा मारायला थांबतात.

जड वजन म्हणजे दुखापतीला आमंत्रण नाही का?

वजन पायऱ्या-पायऱ्यांनी वाढवत व्यायाम करायच्या पद्धतीला शास्त्रीय पाया मिळाला तो लष्करी इस्पितळात. दुसऱ्या महायुद्धात शिकागोमध्ये थॉमस डिलॉर्म या डॉक्टरने गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या सैनिकांना जड वजनं द्यायला सुरुवात केली, तेव्हा रिवाज हलक्या व्यायामाचा आणि भरपूर वेळांचा होता. सैनिक लवकर बरे झाले आणि १९४५ मध्ये त्याने ती पद्धत छापली. धोका जडपणात कमी आणि घाईत जास्त असतो. पहिले दोन-तीन महिने हालचाल बसवावी, मग वजन. रक्तदाब जास्त असेल, हृदयाचा किंवा हर्नियाचा त्रास असेल, तर श्वास कोंडून जड उचलण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

अंग दुखलं नाही, पंप आला नाही, म्हणजे व्यायाम वाया गेला, हाही एक समज. पंप म्हणजे स्नायूत तात्पुरतं साचलेलं रक्त, आणि दुखणं म्हणजे नवखेपणा. दोन्हींवरून वाढ मोजता येत नाही.

पदकं नकोत, दंडही नकोत. मग मी कुठला करू?

इथे उत्तर वयावर आणि रिपोर्टवर अवलंबून आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे आपण भारतीय काट्यावर बारीक दिसतो, पण त्या वजनात स्नायू कमी आणि चरबी जास्त. जेवणानंतर रक्तातली साखर साठवायची सगळ्यात मोठी जागा स्नायू आहे. घरात मधुमेह असलेल्या, पोट सुटलेल्या, काटकुळ्या हातापायांच्या पस्तिशीतल्या माणसाला मी आधी आकाराचाच व्यायाम सांगेन: सहा ते पंधरा वेळांचे, दम संपायच्या जवळ नेलेले सेट. इथे तो बारा-बाराचा कागदही चालेल, फक्त बारावा खरंच अवघड जायला हवा.

साठीच्या पुढे चित्र पालटतं. सत्तरीतल्या लोकांवर तीन वर्षं लक्ष ठेवून केलेल्या एका अमेरिकन पाहणीत पायांची ताकद स्नायूंपेक्षा सुमारे तिप्पट वेगाने घटताना दिसली. ज्यांचे स्नायू टिकून होते, त्यांचीही ताकद घसरली होती. ओढणारे जागेवर आहेत, आवाज देणाराच थकलाय. तेव्हा आजोबांना दोन किलोच्या डंबेलने वीस-वीस वेळा हात हलवायला लावण्यात फारसा अर्थ नाही. खुर्चीतून उठणं, पायरी चढणं, पिशवी उचलणं, याच हालचाली त्यांना जड वाटेल इतक्या वजनाने, पाच-सहा वेळा, मधे निवांत बसून. बोस्टनच्या आजी-आजोबांनी हेच केलं होतं. सतरा देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या पाहणीत, ज्यात भारतही होता, मुठीची पकड दर पाच किलोंनी कमी असेल तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. नुसती मूठ आवळून आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. पकड ही सगळ्या अंगाच्या ताकदीची खूण आहे.

मधल्या वयाच्या निरोगी माणसाला निवड करायची गरजच नाही. पहिले काही महिने काहीही नेमाने केलं तरी ताकद आणि आकार दोन्ही वाढतात. त्यानंतर आठवड्यातून दोन-तीन दिवस, प्रत्येक वेळी सुरुवातीला एकच मोठा व्यायाम जड आणि थोडा करावा, स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट, पाच-पाचचे तीन सेट, मधे तीन मिनिटं. मग बाकीचे व्यायाम दहा-बारा वेळांचे, दम संपायच्या जवळ. क्रम उलटा करू नये. दमलेल्या पायांवर जड बार घेतला की हालचाल बिघडते. विश्रांतीची काटकसर आकारासाठीही फारशी करू नका, कारण २०१६ च्या एका तुलनेत एक मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा तीन मिनिटं थांबणाऱ्यांची ताकदही जास्त वाढली आणि स्नायूही.

वहीत दोन आकडे लिहून ठेवावेत: पाच वेळा उचलता येणारं वजन आणि दंड-मांडीचा घेर. पहिला आकडा दर पंधरा दिवसांनी बघितला तरी हललेला दिसतो. टेप मात्र दोन-अडीच महिने काढूच नये, त्याआधी त्यात वाढीपेक्षा टेप किती घट्ट धरली तेच मोजलं जातं.